घरी सायकल दुरुस्त करायची तर कोणती हत्यारं घ्यावीत? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरी सायकलीची देखभाल करायला काय काय घ्यावं, याबद्दल आलेल्या पत्रांतले काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं वाचण्याआधी एक छोटं काम करा. पट्टी आणि कागद घेऊन सायकलीपाशी बसा आणि तिच्यावर कोणते नट, कोणते बोल्ट, कोणता वॉल्व आहे ते लिहून काढा. सायकलीचे बरेच भाग मऊ धातूचे असतात आणि आटे बारीक असतात. अर्धा मिलिमीटर सैल पाना लावला तरी नटाचे कोपरे घासून तो गोल होतो. मग दोन मिनिटांच्या कामाला करवत आणि कानस लागते. हत्यार आपल्या सायकलीच्या मापाचं असावं, दुकानदाराच्या पेटीच्या मापाचं नको.

प्रश्न : नवी गिअरची हायब्रिड सायकल घेतली आहे. चाळीस-पन्नास हत्यारांची तयार पेटी घ्यावी की सुटी हत्यारं? दोन-अडीच हजारांपुढे जायचं नाही.
– कोथरूड, पुणे

पेटी घेऊ नका. त्या किमतीच्या पेटीतली निम्मी हत्यारं तुमच्या सायकलीला कधी लागणारच नाहीत. जी रोज लागतील, म्हणजे सहाकोनी टोकाच्या अ‍ॅलन की, ती नेमकी मऊ लोखंडाची निघतात. मऊ चावीचे कोपरे चारदा वापरल्यावर गोल होतात आणि जाता जाता बोल्टचं सहाकोनी भोकही गोल करून जातात.

तुमच्या रकमेतला जवळजवळ निम्मा भाग पंपाला ठेवा. त्याबद्दल पुढच्या प्रश्नात सविस्तर लिहिलं आहे. उरलेल्यात पहिला मान अ‍ॅलन कींचा. २, २.५, ३, ४, ५, ६ आणि ८ मिलिमीटर एवढी मापं हवीत. हायब्रिडवरची बहुतेक कामं ४, ५ आणि ६ मध्ये होतात. बाटलीचा स्टँड ४ ला, ब्रेक आणि गिअरची तार धरणारे बोल्ट ५ ला, हँडल धरणारा स्टेम ४, ५ किंवा ६ ला. ८ ची चावी क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्यावर बसतं त्या दांड्याच्या, बोल्टला आणि काही पायडलना लागते. लांब दांड्याचा, क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा संच घ्या. नाशिकच्या सातपूरची टपारिया किंवा तिच्या तोडीची दुसरी कोणतीही चालेल. लांब दांड्याच्या टोकाला गोळा असलेल्या चाव्या तिरप्या धरूनही फिरतात, म्हणून त्या हाताला सोप्या वाटतात. पण गोळ्याच्या टोकानं बोल्ट फक्त फिरवून चढवायचा. शेवटचा आवळ नेहमी सरळ टोकानंच द्यायचा, नाहीतर गोळा आतच तुटून बसतो. चावी घालण्याआधी बोल्टच्या डोक्यातली माती टाचणीनं काढा. माती राहिली तर चावी अर्धीच आत जाते आणि घसरते.

त्यानंतर दोन नंबरचा चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर. गिअरच्या मागच्या यंत्रावर एच आणि एल अशी खूण असलेले दोन छोटे स्क्रू असतात, त्यांच्यासाठी हा लागतो. लहान मापाचा घेतला तर स्क्रूचं डोकं कुरतडलं जातं. तुमच्या सायकलीवर तिथे अ‍ॅलनचं भोक असेल तर हा खर्चही वाचला.

१५ मिलिमीटरचा पाना पायडलसाठी, आणि चाक नटानं बसवलेलं असेल तर त्यासाठीही. मात्र पायडल आणि क्रँक यांच्यातली फट मोजून घ्या. साधा जाड पाना कित्येकदा त्या फटीत जात नाही, तिथे चपट्या तोंडाचा पायडल पानाच लागतो. आणि हे लक्षात ठेवा : डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं. उजवं नेहमीसारखं सुटतं, डावं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतं. बसवताना दोन्हींच्या आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार वेढे बोटांनीच द्या. पोलादी आटे तिरपे चढले तर अ‍ॅल्युमिनियमचा क्रँक कायमचा जातो.

याखेरीज प्लॅस्टिकचे दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून उचलायच्या पट्ट्या), पंक्चरचं सामान, चेनचं तेल आणि जुनी सुती बनियनं. पहिल्या वर्षाला एवढं पुरतं. खिशात मावणारं घडीचं हत्यार रस्त्यावरच्या अडचणीसाठी चांगलं असतं. घरात मात्र त्याच्या आखूड दांड्यानं जोर बसत नाही.

प्रश्न : पंप नेमका कोणता घ्यावा? सध्या पेट्रोल पंपावर हवा भरतो.
– नागपूर

आधी वॉल्व बघा. मोटारसायकलीसारखा जाड वॉल्व असेल तर तो श्रेडर. पेन्सिलीसारखा बारीक आणि टोकाला चिमुकला नट असेल तर प्रेस्टा. काळ्या सायकलीवरचा, आत रबराची नळी असलेला तो डनलॉप किंवा वूड्स. श्रेडर आणि प्रेस्टा दोन्ही घेणाऱ्या तोंडाचा, पायानं दाबून धरायचा आणि दोन्ही हातांनी मारायचा उभा पंप घ्या. त्याला दाबाचा काटा हवाच. अंगठ्यानं टायर दाबून ३० आणि ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) यांमधला फरक कळत नाही.

पंपाच्या नळकांड्याकडेही बघा. जाड नळकांड्याचा पंप एका दमात जास्त हवा ढकलतो, म्हणून रुंद टायरला बरा. पण ६० पीएसआयच्या पुढे तो मारताना अंग घामेघूम होतं. अरुंद टायरला बारीक नळकांडंच सोयीचं.

साधारण ७० किलो वजनाच्या माणसाला दोन इंची एमटीबी (डोंगरी सायकलीच्या) टायरमध्ये ३० ते ४० पीएसआय, ४० मिलिमीटरच्या टायरला ४५ ते ५५, ३२ च्या टायरला ६० ते ७०, २५ च्या रोड टायरला ८० ते ९०. मागच्या चाकात चार-पाच जास्त, कारण वजन तिथे असतं. टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही.

पेट्रोल पंपाचा कॉम्प्रेसर गाडीच्या टायरसाठी असतो. सायकलीच्या ट्यूबमध्ये हवा मावतेच किती? दाब दोन-तीन सेकंदांत मर्यादेपलीकडे जातो, टायर रिमवरून उठतो आणि ट्यूब फुटते. डनलॉप वॉल्व असेल तर आणखी एक गोष्ट : त्यातून हवा आत ढकलायलाच थोडा दाब खर्च होतो, म्हणून पंपाचा काटा खऱ्या दाबापेक्षा जास्त दाखवतो. हवा टिकत नसेल तर ट्यूब बदलण्याआधी वॉल्वमधली रबरी नळी बदला. काही रुपयांचं काम आहे.

प्रश्न : आमच्याकडे रस्त्याकडेला बाभळी. आठवड्याला पंक्चर. घरी ठिगळ लावतो, पण दोन दिवसांत कडेनं सुटतं. सोल्युशन खराब आहे का?
– सोलापूर जिल्हा

सोल्युशन खराब असण्यापेक्षा घाई झालेली असण्याचीच शक्यता जास्त. ठिगळ ओल्या सोल्युशनवर चिकटवायचं नसतं. सोल्युशन सुकल्यावर लावायचं असतं, आणि नेमकं इथेच बहुतेकांचं चुकतं.

ट्यूब कोरडी करा. भोकाभोवती ठिगळापेक्षा बोटभर जास्त जागा पॉलिश पेपरनं घासा, रबराची चकाकी जाऊन ते काळपट दिसेपर्यंत. साच्याची उभी रेघ भोकाजवळून जात असेल तर ती पूर्ण सपाट करा. ती राहिली तर तिच्या कडेनं हवा वाट काढते. घासलेल्या जागेला परत बोट लावू नका. सोल्युशनचा पातळ थर द्या, जाड नव्हे, आणि पाच ते सात मिनिटं थांबा. पावसाळी हवेत दहा. थर निस्तेज दिसायला लागला आणि बोटाच्या मागच्या बाजूला ओला लागेनासा झाला की ठिगळ ठेवा आणि मधून कडेकडे जोरात दाबा. चमच्याच्या पाठीनं मिनिटभर घासा. वरचा पारदर्शक कागद ओढून काढायचा हट्ट नको, त्यासोबत कड उचलली जाते. शेवटी टाल्कम पावडर लावा, म्हणजे राहिलेलं सोल्युशन टायरला चिकटणार नाही.

कडेला पातळ होत जाणारं तयार ठिगळ घ्या. जुन्या ट्यूबचा तुकडा वापरत असाल तर तोही तसाच घासा, त्यालाही सोल्युशन लावून सुकू द्या आणि मगच जोडा. तुकड्याचे कोपरे गोल कापा, कारण टोकदार कोपरा आधी उठतो. एकदा उघडलेली सोल्युशनची नळी काही महिन्यांत आतल्या आत सुकते. म्हणून मोठी डबी घेण्यापेक्षा छोट्या नळ्या घेतलेल्या बऱ्या.

आता तुमच्या आठवड्याच्या पंक्चरचं. टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव वॉल्वपाशीच येईल असं कायम बसवत जा. मग ट्यूबला भोक सापडलं की तेवढ्याच अंतरावर टायरमध्ये काटा सापडतो. बाभळीच्या काट्याचं टोक टायरच्या आत मोडून राहतं. बाहेरून काही दिसत नाही आणि नवी ट्यूबही तिथेच फुटते. टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे टोक आहे. ते आतून बाहेर ढकलून चिमट्यानं ओढा. बोटं थेट फिरवू नका.

भोकाची जागा कारण सांगते. बाहेरच्या अंगाला एक भोक असेल तर काटा. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेमटली. आतल्या अंगाला, आऱ्यांच्या बाजूला भोक असेल तर रिमची पट्टी सरकली आहे किंवा फाटली आहे, आणि ती बदलल्याशिवाय पंक्चर थांबणार नाही. वॉल्वच्या मुळाशी चीर पडली असेल तर ती ट्यूब टाकून द्या. तिथे ठिगळ टिकत नाही.

टायर बसवताना वॉल्वच्या समोरच्या बाजूनं सुरुवात करून वॉल्वपाशी शेवट करा. बसलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत आणली तर शेवटचे चार-पाच इंच अंगठ्यांनीच बसतात. स्क्रू ड्रायव्हर घालून बसवलेल्या टायरमध्ये त्या स्क्रू ड्रायव्हरनंच दुसरं पंक्चर केलेलं असतं.

काट्यांचा एवढा त्रास असेल तर टायरच्या रबरात कडक थर असलेले, पंक्चररोधक म्हणून मिळणारे टायर घ्या. थोडे जड चालतात, पण तुमच्या रस्त्याला तेच योग्य. ट्यूबमध्ये सीलंट भरूनही छोटी भोकं बुजतात. मात्र मोठं भोक पडलं तर सीलंटनं माखलेल्या ट्यूबला ठिगळ धरत नाही.

प्रश्न : चेन सारखी गंजते. कुणी खोबरेल तेल सांगतं, कुणी मशिनचं, कुणी गाडीचं जुनं ऑइल. कोणतं वापरू? आणि चेन बदलायची वेळ झाली हे कोणत्या हत्यारानं कळतं?
– रत्नागिरी

खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं आणि त्यावर धूळ बसून लेप होतो. गाडीच्या जुन्या ऑइलमध्ये इंजिनातल्या धातूचा बारीक कीस आणि काजळी असते. ते चेनला चोळणं म्हणजे पॉलिश पेपर चोळणं. शिलाई मशिनचं तेल स्वच्छ असतं पण फार पातळ. कोरड्या दिवसांत दर आठवड्याला लावत असाल तर चालेल, तुमच्याकडच्या पावसात मात्र एका फेरीत धुऊन जातं. गंज सोडवायचा डब्ल्यूडी-४० सारखा फवारा पाणी हाकलायला आणि अडकलेला नट सोडवायला उत्तम. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो, त्यामुळे वंगण म्हणून तो टिकत नाही. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सायकलीच्या चेनसाठी मिळणारं, ओल्या हवेचं दाटसर तेल वापरा. उन्हाळ्यात पातळ, कोरड्या हवेचं घ्या.

लावण्याची पद्धत तेलापेक्षाही महत्त्वाची. चेनमध्ये सुमारे ११० ते ११६ कड्या असतात. प्रत्येक रोलरवर, चेनच्या खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूनं, एक थेंब. सगळं मिळून चहाचा एक चमचाभर तेल होतं. पायडल मिनिटभर उलटं फिरवा, तासा-दोन तासांनी बनियनच्या तुकड्यात चेन धरून बाहेरचं तेल पूर्ण पुसून काढा. तेल पिन आणि रोलरच्या मध्ये हवं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. खाऱ्या हवेत पाऊस नसतानाही आठवड्यातून एकदा पुसणं आणि पंधरवड्यातून एकदा तेल देणं गरजेचं आहे.

धुवायची असेल तर चेन काढून रॉकेल किंवा डिझेलमध्ये, रुंद तोंडाच्या बरणीत घालून हलवा. पेट्रोल नको, भडका उडतो. गंज काढायला अ‍ॅसिड तर मुळीच नको. कडक केलेलं पोलाद त्यानं ठिसूळ होतं आणि चढावर जोर लावताना कडी तुटते.

झीज मोजायला बारा इंची पोलादी पट्टी पुरे. चेन ताणून धरा आणि एका पिनेच्या मध्यावर शून्य लावा. नव्या चेनमध्ये चोविसाव्या कडीच्या पिनेचा मध्य बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिलिमीटरवर येतो. तो १/१६ इंचानं पुढे गेला, म्हणजे सुमारे ३०६.४ वर आला, की गिअरच्या सायकलीची चेन बदला. १/८ इंच पुढे गेला तर मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्यांचे दातही त्याच मापानं झिजलेले असतात. नवी चेन त्यांच्यावर जोर लावला की उड्या मारते, म्हणून तेव्हा दोन्ही बदलावं लागतं. पट्टीनं वेळेवर बघितलं तर एका चकतीसंचावर दोन-तीन चेन निघतात. चेन मोजायचं खास हत्यार सोयीचं आहे, अत्यावश्यक नाही.

चेन काढायला पिन ढकलायचं हत्यार लागतं. घेताना ते आपल्या गिअरसंख्येला चालतं का विचारा, कारण गिअर वाढले की चेन अरुंद होत जाते. ६ ते ८ गिअरच्या चेनमध्ये जोडकडी असेल तर ती हातानं सुटते आणि परत लावता येते. दहा किंवा जास्त गिअरच्या बऱ्याच जोडकड्या एकदाच वापरायच्या असतात. बिनगिअरच्या चेनला पत्तीची क्लिप असते. तिचं बंद तोंड चेन पुढे जाते त्या दिशेला ठेवा. उलटं ठेवलं तर कशाला तरी घासून क्लिप निघून जाते.

प्रश्न : घरात जुनी काळी सायकल आहे, ती पुन्हा चालती करायची आहे. हल्लीची हत्यारं तिला चालतात का?
– वाई, जि. सातारा

बरीचशी चालत नाहीत. तिच्यावरचे कित्येक नट इंचाच्या मापाचे आहेत. मिलिमीटरचा पाना एक तर जात नाही, नाहीतर सैल बसतो. अनेक भोकांचा चपटा सायकल पाना आणि आठ इंची चांगला स्क्रू पाना घ्या. स्क्रू पान्याचा जबडा नटाला घट्ट लावूनच जोर द्या, आणि जोर नेहमी सरकत्या जबड्याच्या दिशेनं.

खरी परीक्षा कॉटर पिनेची, म्हणजे क्रँक धुरीला घट्ट धरणाऱ्या खिळीची. नट सैल करा, पण काढू नका. तो पिनेच्या टोकाशी समतल येऊ द्या, म्हणजे आटे वाचतात. क्रँकच्या खाली, पिनेच्या अगदी शेजारी, जाड लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीवर उभा टेकवा. मग अर्ध्या-पाऊण किलोच्या हातोडीचा एकच सणसणीत घाव. टेका न देता ठोकलं तर सगळा मार आतल्या छऱ्यांवर जातो आणि बेअरिंगच्या वाटीत खड्डे पडतात. हलके हलके दहा घाव मारले तर पिन वाकते आणि मग ड्रिलनंच काढावी लागते. आदल्या रात्री तेलाचे दोन थेंब सोडून ठेवा. नवी पिन जुनी दाखवूनच आणा. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेनं बसतात. तशा बसल्या नाहीत तर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत. पिनेचा उतार धुरीला पूर्ण टेकत नसेल तर बारीक कानसीनं थोडा थोडा घासा. वीस-तीस किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा आवळा. हे राहिलं की पिन चेपते आणि पायडल कटकट वाजायला लागतं.

हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडायला दोन मिलिमीटर जाडीचे चपटे कोन पाने लागतात. सर्वसाधारण मापं १३ आणि १५, काही ठिकाणी १७, पण तुमच्या कोनाला, म्हणजे छरे दाबून धरणाऱ्या धुरीवरच्या निमुळत्या नटाला, बसेल तेच घ्या. छरे पुढच्या हबला ३/१६ इंचाचे, म्हणजे दीड सुताचे, एका बाजूला दहा. मागच्या हबला पाव इंचाचे, एका बाजूला नऊ. क्रँकच्या धुरीला पाव इंचाचे, एका बाजूला अकरा. मोजायची वेळ आली तर वाटी पूर्ण भरून एक छरा कमी करा. जुने-नवे मिसळू नका, कारण जुने झिजून लहान झालेले असतात आणि सगळा भार नव्यांवर येतो. कोनाच्या गोलाईवरून बॉलपेनचं टोक फिरवा. ते अडखळलं तर कोनही बदला. शेवटी कोन असा आवळा की रिम हातानं हलवून खेळ जाणवू नये, आणि चाक हळू सोडल्यावर वॉल्वच्या वजनानं आपोआप खाली यावं.

प्रश्न : रिम आउट झाली आहे, फिरताना डावी-उजवीकडे डुलते. आउट काढायचा स्टँड घेऊ का?
– जळगाव

नको. सायकल उलटी करा आणि ब्रेकच्या रबरांनाच मापाची खूण समजा. डिस्क ब्रेक असेल तर चाक धरणाऱ्या चिमट्याला (फोर्कला) प्लॅस्टिकची पट्टी बांधून तिचं टोक रिमजवळ आणा. हत्यार एकच लागतं, स्पोकची चावी, आणि तीही आपल्या निपलला, म्हणजे आऱ्याच्या टोकावरच्या नटाला, घट्ट बसणारी. निपल साधारण ३.२ ते ३.५ मिलिमीटरचे असतात. जी सगळ्यांत लहान चावी चढते ती आपली. सहा-आठ खाचांची गोल चावी स्वस्त मिळते, पण बहुतेक वेळा सैल बसून पितळी निपल गोल करते.

रिम डावीकडे जात असेल तर त्या जागी हबच्या उजव्या बाजूनं येणारे आरे पाव वेढा आवळा आणि डावीकडचे पाव वेढा सैल करा. टायरच्या बाजूनं बघितलं तर निपल घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर आवळतो. एका वेळी पाव वेढ्याच्या पुढे जायचं नाही. प्रत्येक फेरीनंतर चाक फिरवून बघायचं. तीन-चार मिलिमीटरपर्यंतचा आउट असा निघतो. रिमला पोचा आला असेल तर आऱ्यांनी तो जात नाही. आरे आवळून ओढायला गेलात तर शेजारचे आरे एकामागून एक तुटतात.

प्रश्न : चेनवर फवारा मारल्यापासून मागचा डिस्क ब्रेक किंचाळतो आणि लागतही नाही.
– ठाणे

फवारा डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीवर, उडाला आहे. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ नव्या कापडानं पुसा. तेलाचं कापड नको. पॅड काढून वरचा थर पॉलिश पेपरनं घासून बघा. तेल खोल मुरलं असेल तर पॅड बदलण्याला पर्याय नाही. पुढे चेनला फवाऱ्याऐवजी थेंबाचंच तेल वापरा. डिस्कचे बोल्ट बहुधा टी-२५ चांदणीच्या चावीचे असतात. तिथे अ‍ॅलन की घुसवू नका. ब्रेक तेलावर चालणारा असेल तर लिव्हरवर काय लिहिलं आहे ते वाचा. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये गाडीचं डॉट ब्रेक ऑइल घातलं तर आतली रबरी सीलं फुगून ब्रेक निकामी होतो.

प्रश्न : मागच्या चकत्या काढायला दुकानात दोन-तीन प्रकारची हत्यारं दाखवली. कोणतं माझं? क्रँकही सैल झाला आहे.
– नाशिक

चाक काढून चकत्या उलट्या फिरवा. मधला खाचांचा भाग स्थिर राहिला तर ते फ्रीव्हील आहे. चकत्यांबरोबर फिरला तर कॅसेट. फ्रीव्हील फक्त खाचेत बसणाऱ्या हत्यारानं आणि मोठ्या पान्यानं निघतं. कॅसेटला त्याशिवाय चकत्या धरून ठेवायला चेनचा तुकडा लावलेला दांडाही लागतो. दोघांच्या खाचांची हत्यारं दिसायला सारखी पण मापानं वेगळी. फ्रीव्हीलचं हत्यार दोन खाचांचं, चार खाचांचं आणि बारीक दात्यांचं अशा प्रकारचं येतं, म्हणून चाक दुकानात घेऊन जा. हत्यार घसरू नये म्हणून धुरीच्या नटानं ते हलकं दाबून धरा. पहिली कड सुटली की नट सैल करा. पायडल मारताना फ्रीव्हील स्वतःच आवळत जातं, त्यामुळे लांब दांडा लागणार हे गृहीत धरा. परत बसवताना आट्यांना भरपूर ग्रीस.

सैल क्रँक आधी आवळा, आजच. चौकोनी धुरीचा अ‍ॅल्युमिनियमचा क्रँक सैल ठेवून चालवला तर त्याचं चौकोनी भोक रुंद होतं आणि मग कितीही आवळा, टिकत नाही. बोल्ट १४ मिलिमीटरचा किंवा ८ ची अ‍ॅलन. क्रँक काढायचाच असेल तर पुलर लागतो. आधी बोल्ट आणि त्याखालचा वायसर दोन्ही काढा. वायसर आत विसरला की पुलर क्रँकचे आटे उपटून बाहेर येतो. पुलर क्रँकच्या आट्यांत हातानं शेवटपर्यंत चढवा आणि मगच मधला दांडा फिरवा. त्यामागचं बेअरिंग काढताना लक्षात ठेवा, आपल्याकडच्या बहुतेक सायकलींत उजवीकडच्या कपाला (बेअरिंगच्या वाटीला) उलटे आटे असतात.

प्रश्न : इथे जुनी डच सायकल घेतली. मागे पायडल दाबून लागणारा ब्रेक, चेनवर बंद आवरण. पंक्चर काढायला मागचं चाक काढणं म्हणजे दिव्य आहे.
– युट्रेख्त, नेदरलँड्स

चाक काढूच नका. आपल्याकडचे सायकलवाले करतात तेच करा : सायकल कडेला टेकवून टायरची एक बाजू लिव्हरनं उचला, ट्यूबचा हवा तो भाग बाहेर ओढा, ठिगळ लावा आणि परत आत ढकला. वॉल्व बहुधा डनलॉपच असेल. त्याला प्रेस्टाच्या पंपाचं तोंड चालतं. टायर बदलायला चाक काढावंच लागलं तर १५ चा पाना आणि ब्रेकच्या पट्टीच्या क्लिपचा छोटा पाना लागेल. ती पट्टी सायकलीच्या सांगाड्याला परत बांधायला विसरू नका. ती सुटी राहिली तर पहिल्याच ब्रेकला धुरी फिरते आणि ब्रेक लागत नाही.

प्रश्न : टॉर्क पाना घ्यावाच लागतो का?
– पणजी

टॉर्क पाना म्हणजे किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना. कार्बनचा भाग असेल तर हो. हँडल, स्टेम, सीटची नळी यांच्यावर न्यूटन मीटरमध्ये आकडा छापलेला असतो, बऱ्याचदा ५. सगळं अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर अंदाजानं भागतं. दहा सेंटिमीटर लांबीच्या चावीच्या टोकावर साधारण पाच किलोचा जोर लावला की ५ न्यूटन मीटर होतात. स्टेमचे चार बोल्ट आलटून पालटून, कोपऱ्यासमोरचा कोपरा घेत, थोडे थोडे आवळा आणि चारही बाजूंच्या फटी सारख्या ठेवा.

प्रश्न : फ्लॅटमध्ये सायकल टांगायला जागा नाही, दुरुस्तीचा स्टँड महाग. उलटी करून ठेवली तर चालते का?
– डोंबिवली

चालते. हँडलवरचा दिवा आणि घंटी आधी काढा आणि खाली जुनी सतरंजी घाला. तेलाचे ब्रेक असतील तर मात्र जास्त वेळ उलटी ठेवू नका. ब्रेकच्या तेलाच्या टाकीत थोडी हवा असेल तर ती नळीत शिरते आणि लिव्हर मऊ लागतो. सरळ केल्यावर लिव्हर दहा-वीस वेळा दाबून बघा, तरीही मऊच राहिला तर त्यातली हवा काढून घ्यावी लागेल. गिअर लावायचे असतील तर बाल्कनीच्या छताला दोन हूक आणि दोरीचे दोन फास पुरतात. एक फास सीटच्या नाकाखाली, दुसरा हँडलच्या स्टेमला. मागचं चाक जमिनीपासून वीतभर वर आलं की एका हातानं पायडल फिरवत दुसऱ्या हातानं गिअर बदलून बघता येतात.